तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एवढा राग आहे, तर भाजप सोडत का नाही?’

हा प्रश्न मला भिशीतल्या मैत्रिणी विचारतात, भाचेमंडळी विचारतात, आणि हल्ली दोन्ही बाजूंनी येतो. पलीकडच्यांच्या स्वरात ‘उघडले का डोळे?’ असतं. आमच्यातल्यांच्या स्वरात ‘मग काय, आता पंजाला देणार?’

पंजाला देणार नाही. तेवढं सांगून सुटका झाली असती तर बरं होतं.

आमचं घर पंचवटीतलं, जनसंघाचं. निशाणी पणती होती तेव्हापासूनचं. वडील ओट्यावर बसून मतदारयादीवरून चिठ्ठ्या लिहायचे. नाव, अनुक्रमांक, मतदान केंद्र. खाली पणतीचा शिक्का. शाईचा पॅड वाळला की त्यावर दोन थेंब पाणी टाकून पुन्हा शिक्के. उमेदवार पडणार हे चिठ्ठी लिहिणाऱ्यालाही ठाऊक असायचं, घेणाऱ्यालाही. आणीबाणीत वडील नाशिकरोडच्या तुरुंगात जाऊन आले. १९८० साली पणतीचं कमळ झालं आणि आम्ही शिक्का बदलला, बाकी काही नाही.

तेव्हा ‘वचनं पाळली नाहीत म्हणून रागावलात का’ असं कुणी विचारलं की मला हसू येतं. ३७० गेलं. राममंदिर उभं राहिलं. १२ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान काळारामाच्या मंदिरात येऊन फरशी पुसून गेले, आणि २२ तारखेला अयोध्येतला सोहळा बघताना मी रडले, हे काही लपवत नाही. वडील असायला हवे होते. जे मागितलं ते मिळालं आणि तरी मन उडालं, हे पलीकडच्यांना पटत नाही. त्यांना वाटतं आमचा राग महागाईवर असणार.

कांद्यावर आहे, थोडा. माझं आजोळ निफाडकडचं. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, मे २०२४ ला उठली तरी चाळीस टक्के शुल्क राहिलंच. पंतप्रधानांच्या पिंपळगावच्या सभेत ‘कांद्यावर बोला’ अशी आरोळी उठली आणि दिंडोरीत केंद्रातल्या मंत्री असलेल्या भारती पवार पडल्या. पण शहरातल्या गिऱ्हाइकासाठी शेतकऱ्याचा भाव पाडायचा, हे काँग्रेसनेही केलंय. त्यावरून कुणी पिढीजात पक्ष सोडत नाही.

मन उडालं ते माणसं बघून. २०१३ मध्ये सिंचन घोटाळ्याचे, म्हणजे अजित पवारांवरच्या आरोपांचे कागद आमच्या नेत्यांनी बैलगाडीत घालून चौकशी करणाऱ्या चितळे समितीकडे नेले होते. आम्ही कोण खूश! २ जुलै २०२३ ला अजित पवार उपमुख्यमंत्री झाले आणि त्याच दिवशी आमच्या येवल्याचे भुजबळ मंत्री. याच भुजबळांना २०१६ मध्ये ईडीने अटक केली तेव्हा आमच्या घरी बातम्या मोठ्या आवाजात लावल्या होत्या. महाराष्ट्र सदन प्रकरणात न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांना दोषमुक्त केलं, हेही खरं. मग माझं म्हणणं एवढंच की दोनपैकी एक सांगा. तेव्हा आरोप खोटे केले होते, की आता खरे गिळले? दोन्हीपैकी कुठलंही उत्तर मी ऐकून घेतलं असतं. राजकारणात तडजोड करावी लागते हे न कळण्याइतकी मी लहान नाही. सांगायलाच कुणी आलं नाही.

तेव्हा ठाकरेंच्या शिवसेनेत असलेल्या नाशिकच्या सुधाकर बडगुजरांचं तर अगदी घराजवळचं. डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात नितेश राणेंनी विधानसभेत फोटो दाखवले, १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटातल्या दोषी सलीम कुत्ताबरोबर पार्टी केल्याचा आरोप केला, चौकशीची घोषणा झाली. बडगुजरांनी आरोप फेटाळला. जून २०२५ ला तेच भाजपमध्ये आले. आमच्याच आमदार सीमा हिरे विरोध करत होत्या, त्यांचंही कुणी ऐकलं नाही. आमदाराची ही गत, तर चिठ्ठ्या वाटणाऱ्यांना कोण विचारतो!

महापालिकेचं काय सांगू. २०१७ ला फडणवीसांनी नाशिक दत्तक घेतो म्हटलं आणि आम्ही १२२ पैकी ६६ नगरसेवक दिले. पुढच्या वर्षी त्यांनीच तुकाराम मुंढेंना आयुक्त म्हणून पाठवलं आणि आमच्याच नगरसेवकांनी त्यांच्यावर अविश्वास आणायला घेतला. करवाढीवर लोक चिडले होते, मान्य. पण मुंढे नऊ-दहा महिन्यांत गेले आणि दत्तकविधानाचं नावही नंतर कुणी काढलं नाही.

आमच्या बूथचा मुलगा गोड आहे. पन्नाप्रमुखांची, म्हणजे मतदारयादीचं एकेक पान सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांची, यादी घेऊन येतो, चहा घेतो. मागे मी हे सगळं त्याला ऐकवलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “काकू, तुम्ही काय, घरच्याच!” त्याने प्रेमानेच म्हटलं. पण घरच्यांना पंगतीत शेवटी वाढतात, आणि उरलं तर. जो पक्ष बदलू शकतो त्याला तिकीट, त्याच्या दारात गाड्या. आम्ही कुठे जाणार नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून आमच्याकडे फक्त यादी येते.

आणि जायचं तरी कुठे? उद्धव २०१९ ला काँग्रेसबरोबर गेले. २०१२ ला या शहराने मनसेला ४० नगरसेवक दिले होते, त्यातले बरेच नंतर जिकडे सत्ता तिकडे गेले. २०२४ च्या लोकसभेला तर नाशिकच्या यंत्रावर कमळच नव्हतं. धनुष्यबाण होता, मशाल होती, अपक्ष शांतिगिरी महाराज होते. मतदान केंद्रात जाऊन कमळ शोधायची सवय असलेल्या बाईने काय करावं?

म्हणून मी सोडत नाही, पण चारही बटणं कमळाची दाबत नाही. महापालिकेला आमच्या प्रभागात चार जागा, चार मतं. जो आमच्यातला, चिठ्ठ्या वाटून वर आलेला, त्याला कमळ. ज्याच्याविरुद्ध कालपर्यंत मला भाषणं ऐकवली, त्याच्या जागेवर दुसरा कुणी बरा असेल तर तो, नाहीतर नोटा. स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची, असा राज्य निवडणूक आयोगाचा २०१८ चा आदेश आहे. तशी वेळ येईल असं नाही. पण मतमोजणीत आकडा दिसतो, आणि आमच्या लोकांना आकडे फार चांगले वाचता येतात.

बूथच्या मुलालाही हे सांगून टाकलंय. माझ्या पानावरची घरं यंदा दुसऱ्या कुणाला दे म्हटलं. त्याने विचारलं, “काकू, लिहून देऊ का वरती, नाराज आहेत म्हणून?”

दे म्हटलं. नावानिशी दे.