कुडल संगम सायकलवर: सपाट रस्त्यावर विश्वास ठेवू नका

ज्यानं आम्हाला सांगितलं की "काका, सोलापूर ते कुडल एकदम सपाट, लोण्यासारखा रस्ता, अडीच तासांत पोचताव", तो स्वतः बुलेटवर गेला होता. हे आम्हाला परत आल्यावर कळलं. म्हणून पहिला सल्ला: रस्ता कसा आहे हे कुणालाही विचारा, पण तो कशावर बसून गेला होता ते आधी विचारा.

कुडल म्हणजे सोलापूरच्या दक्षिणेला, भीमा-सीनेच्या संगमावरचं जुन्या देवळांचं गाव. आम्ही पाच जण. सगळ्यात लहान मी, वय ६२. मोठे अण्णा, ७१. मिलच्या भोंग्यावर सायकल मारून त्यांची हयात गेली, आणि अजूनही तीच काळी, दांडीची सायकल चालवतात. बाकी मास्तर, बँकेतून निवृत्त झालेले साहेब आणि सिव्हिल हॉस्पिटलात नोकरी केलेल्या सिस्टर. या तिघांच्या आणि माझ्या गिअरच्या हायब्रीड. आमचा वेग ताशी १२ ते १४. कुणाला मागे टाकायचं नाही, चहा चुकवायचा नाही, रात्री आपल्याच गादीवर झोपायचं, एवढेच नियम. जानेवारीत, गड्ड्याची (सिद्धेश्वराच्या यात्रेची) गर्दी ओसरल्यावर, एका आठवड्यात एकाआड एक दिवस अशा तीन फेऱ्या ठरवल्या.

पहिली नान्नज. बार्शी रोडनं बावीसेक किलोमीटर, काळवीट दिसले, माळढोक दिसला नाही (दिसेल या आशेनं जाऊच नका), साडेअकराला घरी. दुसरी अक्कलकोट. जाऊन-येऊन ऐंशीच्या आत, रस्ता रुंद, दर्शन, अन्नछत्रात जेवण, काही त्रास नाही. दोन्ही कुणीही करावं. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं तिथं काही घडलं नाही.

तिसरी कुडलची.

सव्वासातला विजापूर नाक्यावरून निघालो. जानेवारीत सातच्या आधी धड उजाडत नाही आणि ऊसवाहतुकीच्या दिवसांत अंधारात हायवेवर जायचं नाही, हे आमच्यात पक्कं आहे. सैफुल, सोरेगाव मागे पडलं आणि सायकली अशा पळायला लागल्या की मास्तर म्हणाले, "वय कमी झालं की काय?" मीटर १७-१८ दाखवत होता. वडकबाळच्या पुलावर सीना ओलांडली, तेरामैलावर पावणेनऊला चहा. तेरा मैल म्हणजे २१ किलोमीटर, गावाच्या नावातच अंतर आहे. चौपदरी हायवे खरोखर लोण्यासारखा आहे, कडेची पट्टी रुंद आहे. इथपर्यंत बुलेटवाला खोटं बोलला नव्हता.

आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की वय कमी झालेलं नसून वारा पाठीवर आहे. हिवाळ्यात आपल्याकडे वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. कुडल सोलापूरच्या दक्षिणेला. म्हणजे जाताना जो फुकट ढकलतो तोच परतताना छातीवर हात ठेवून उभा राहतो. पन्नास वर्षं सोलापुरात काढून हे आम्हाला सुचू नये!

मंद्रूपच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की ऊस सुरू. रस्ता डांबरी आहे, पण दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी त्याच्या कडा खाऊन टाकल्यात. मधे उंचवटा, दोन्ही बाजूंना चाकोऱ्या, चाकोरीत सुटी खडी. ट्रॅक्टरवाल्याला गाण्यापुढे आपली घंटी ऐकू जात नाही. मागून आवाज आला की सरळ उतरून बाजूला उभं राहायचं. यात कमीपणा नाही. दुसऱ्या ट्रॉलीचं शेपूट कसं हेलकावतं ते एकदा बघितलं की पटतं.

हे सगळं चालण्यासारखं होतं. खरा घात मोबाईलनं केला. कुडल सहा किलोमीटर राहिलं असताना मॅपनं डावीकडे एक बारीक रेघ दाखवली, अंतर निम्म्यावर. साहेब म्हणाले, वळू या. मीही म्हणालो. सिस्टर एकट्या म्हणाल्या, "पाटी असलेला रस्ता सोडू नका." आम्ही त्यांचं ऐकलं नाही.

ती रेघ म्हणजे पाणंद. पहिला अर्धा किलोमीटर बैलगाडीची टणक वाट, दोन्हीकडे ऊस, बरं वाटत होतं. पुढं कुणीतरी उसाला पाणी दिलेलं, बांध फुटून ते वाटेवर आलेलं. वरून माती सुकल्यासारखी दिसत होती. ज्याला काळी माती माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. दहा पावलांत चाकं दुप्पट जाड झाली. गिअरच्या सायकलींचे ब्रेक आणि फोर्क यांच्यात चिखलाचा गोळा असा बसला की चाक फिरेना. सायकल ओढत न्यायची तर ती फक्त घसरत होती. अण्णांच्या मडगार्डमध्ये तर माती ठासून भरलेली, वर पाचटाचं अस्तर. त्यांनी खिशातला पाना काढून दोन्ही मडगार्ड सोडवले आणि कॅरिअरला बांधले. आम्ही उसाच्या कांड्यानं माती उकरत होतो, वीस पावलं जात होतो, परत उकरत होतो. बुटाला प्रत्येकी किलोभर. मास्तरांचा एक बूट मातीतच राहिला आणि पाय मोजासकट पुढं आला.

तीन किलोमीटरला एक तास चाळीस मिनिटं लागली. मी घड्याळ बघून सांगतोय.

शेवटाला एक शेतकरी बांधावर बसून बघत होता. "मॅपवरनं आलाव का?" त्यानं विचारलं. "येतेत लोकं. परवा एक कारबी अडकली हुती." मग त्यानं मोटर चालू करून पाइपनं सायकली धुवून दिल्या. पैसे घेतले नाहीत. शेंगा मात्र बळंच दिल्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं पैशाची गोष्ट यायची आहे.

सव्वाबाराला संगमावर. भीमा आणि सीना मिळतात ती जागा शांत आहे, सावली आहे. हरिहरेश्वराच्या देवळातलं ते प्रसिद्ध लिंग बघितलं. त्यावर ३५९ मुखं आहेत म्हणतात, आम्ही मोजायच्या अवस्थेत नव्हतो. मास्तरांना मात्र संगमेश्वराच्या देवळातला शिलालेख बघायचाच होता. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी हा एक, तुळईवर कोरलेला. शेवटी लिहिलंय, "वाछि तो विजेया होईवा". जो वाचील तो विजयी होईल. सिस्टर म्हणाल्या, "पाटी वाचली असती तर आपणही झालो असतो." त्यावर कुणी काही बोललं नाही. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही खाल्लं आणि अर्धा तास आडवे झालो. ती अर्ध्या तासाची झोप म्हणजे या अख्ख्या आठवड्यातलं सुख.

अडीचला परत, या वेळी पाटीच्या रस्त्यानं. आणि वारा. मोकळ्या माळावर आला की गिअर सगळ्यात हलका, तरी मीटर ८-९ च्या वर जाईना. त्यात पाणंदीतल्या वेड्या बाभळीनं आपलं काम केलेलं. साहेबांचं पुढचं चाक बसलं, काढलं, बदललं. चार किलोमीटरवर मागचं बसलं. जास्तीची ट्यूब एकच होती. गावातल्या पंक्चरवाल्याकडे हात कुशल होता, पण त्याच्या पंपाचं तोंड बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसेना आणि आमचा हातपंप पहिल्याच पंक्चरला मान टाकून बसला होता. पितळेची एक छोटी टोपी मिळते, व्हॉल्व्हवर फिरवली की मोटारसायकलच्या टायरचा साधा पंपही चालतो. सायकलच्या दुकानात चहाच्या दोन कपांइतकी किंमत. ती नसल्यामुळे आमचे अठराशे रुपये गेले.

ते असे. मास्तरांचा गुडघा तोवर बोलायला लागला होता, साहेबांचं चाक बसलेलं. एक पिकअपवाला रिकामा सोलापूरला चालला होता. लक्षात घ्या, रिकामा, आणि चाललाच होता. दोन माणसं, दोन सायकली. म्हणाला तीन हजार. मी म्हणालो आठशे. त्यानं आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं: पांढरे केस, चिखल, बसलेलं चाक, कलणारं ऊन. पांढऱ्या केसांचा भाव लावला त्यानं. अठराशेला तुटलं आणि वर "काका, या वयात कशाला करताव असलं?" हे फुकट. मला पैशापेक्षा ते वाक्य लागलं. पिकअपची गरज पडू शकते असं वाटत असेल, तर निघायच्या आधीच शहरातल्या ओळखीच्या छोटा हत्तीवाल्याशी दर बोलून ठेवा. अडल्यावर ठरवलेला दर हा दर नसतो.

राहिलो आम्ही तिघं: अण्णा, सिस्टर, मी. दहा-दहा मिनिटं पाळीपाळीनं पुढं राहायचं, बाकीच्यांनी मागच्या चाकाला चिकटून वारा चुकवायचा. हे तरुण पोरं करतात ते आम्हीही केलं आणि जमलं. चिकटणं म्हणजे एक हाताचं अंतर, आणि पुढच्यानं न सांगता ब्रेक दाबायचा नाही. तेरामैलाला चहा-भजी होईस्तोवर पाच वाजले. वडकबाळचा पूल ओलांडला तेव्हा सूर्य टेकला होता आणि वारा एकदम पडला. काय सांगू! सोरेगावपर्यंत सिस्टर पुढं होत्या, आम्ही दोघं त्यांच्या लाल दिव्यामागे. सव्वासातला विजापूर नाका. अण्णांची ती लोखंडाची सायकल एकदाही पंक्चर झाली नाही, आणि ते दोन दिवस हेच सांगत होते.

आता माझं स्पष्ट मत. जाऊन-येऊन ८२ किलोमीटर ही मजेची फेरी नाही. अक्कलकोटही जवळपास तेवढंच आहे, पण तिथं रस्ता आणि माणसं दोन्ही साथ देतात. कुडलला जायचंच तर सायकली टेम्पोत घालून सकाळी कुडलला न्या, तिथून चालवत परत या: ताज्या पायांवर, वारा चढायच्या आत. उलटं करू नका, म्हणजे आम्ही केलं तसं. ऊसतोड चालू असताना शक्यतो टाळाच. फेब्रुवारी सरता सरता रहदारी कमी होते, पण मग उन्हाचा चटका. दोघांत निवडायचं तर मी ऊन निवडीन, मात्र अकराला सावलीत.

पुढचा आणि मागचा दिवा दिवसा निघतानाही लावलेला हवा. ट्यूब माणशी दोन. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल तर लांब फेरीच्या दिवशी कधी घ्यायची ते आपल्या डॉक्टरला विचारून घ्या. साहेब अकरा वेळा थांबले, तेही मोजलंय. साखरेची औषधं घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर ठेवायची, पिशवीत नाही. पिशवी नेमकी दुसऱ्याच्या कॅरिअरला असते.

मॅप फक्त गावाचं नाव बघायला वापरा. रस्ता माणसाला विचारा, आणि सिस्टरसारखं कुणी बरोबर असेल तर त्यांचं ऐका.

तीन दिवसांनी सायकल दुकानात नेली. चेनमधून, फ्रीव्हीलमधून अजून काळी माती निघत होती. पोरानं सगळं खोललं, रॉकेलमध्ये बुडवलं, दीड तास घासलं आणि दोनशे रुपये मागितले. मी घासाघीस केली नाही.