सेसनाच्या इंजिनाचं अर्थिंग शोधताना

विदर्भातल्या एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेत मी विमानांच्या देखभालीचं काम करते. आमच्याकडचं एक सेसना १७२एन पावसाळा सरता सरता सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागलं. चार सिलिंडरचं लायकॉमिंग इंजिन, २४ व्होल्टची बॅटरी. चावी फिरवली की प्रॉपेलर जेमतेम एक फेरा घ्यायचा आणि अडायचा. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, तसा स्नॅग (बिघाडाची नोंद) आला. काही दिवसांनी त्याच विमानाचा दुसरा आला: लँडिंग लाइट लावला की ऑइल टेंपरेचरचा काटा वर जातो.

पहिल्या स्नॅगवर संशय बॅटरीवर जातो, तसाच गेला. बॅटरी कपॅसिटी टेस्टमध्ये पास झाली. स्टार्टर उतरवून बेंचवर चालवला, तोही ठणठणीत. वाट दाखवली ती दुसऱ्या स्नॅगनं.

१७२एनमध्ये ऑइल प्रेशरचं मीटर थेट तेलाच्या दाबावर चालतं, त्याला विजेशी देणंघेणं नाही. त्याचा काटा जागचा हलत नव्हता. ऑइल टेंपरेचरचं मीटर मात्र विजेवर चालतं आणि त्याच्या सेन्सरचा परतीचा रस्ता इंजिनाच्या अंगातून जातो. तेल खरंच तापलं असतं तर काटा हळूहळू चढला असता. इथे स्विच टाकला की उडी, काढला की लगेच खाली. म्हणजे लोड वाढला की इंजिन आणि विमानाचं धड यांच्यात व्होल्टेजचा फरक पडत होता.

इंजिन रबरी माउंटवर बसवलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. धड आणि इंजिन यांना विजेच्या दृष्टीने जोडणारी हक्काची वाट म्हणजे तांब्याच्या तारांची विणलेली चपटी पट्टी, ग्राउंड स्ट्रॅप. स्टार्टरचे दीडशे-दोनशे अँपिअर त्यातूनच परततात. इंजिन चालू झालं की ऑल्टरनेटरच्या करंटचीही तीच वाट. पण स्ट्रॅप खराब झाला म्हणून करंट थांबत नाही. थ्रॉटलची केबल, मिक्श्चरची (हवा-इंधनाचं प्रमाण ठरवणारी) केबल, प्रायमरची (सुरू करताना इंजिनात इंधन सोडणारी) नळी, जे जे धातूचं पॅनेलपासून इंजिनापर्यंत पोहोचतं त्यातून तो वाट काढतो. केबल तापून अडकली तर वैमानिकाच्या हातातून इंजिनाचा ताबा जातो, आणि प्रायमरच्या नळीत तर एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल असतं. त्यामुळे विमान कधीतरी सुरू होतंय ना, मग उडू दे, हे मला मान्य नव्हतं. उड्डाणं थांबवली.

हँगरमधल्या ज्येष्ठ टेक्निशियनना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांनी मल्टिमीटर ओहमवर लावला आणि स्ट्रॅपच्या दोन टोकांना प्रोब टेकवले. ०.३.

"मॅडम, स्ट्रॅप चांगला आहे."

"काका, आता दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा बघू."

तेव्हाही ०.३. मीटर स्वतःच्याच वायरींचा रेझिस्टन्स दाखवत होता. २०० अँपिअरला ०.०१ ओहमसुद्धा २ व्होल्ट खातो, आणि ०.०१ ओहम साध्या मल्टिमीटरला दिसतच नाही. शंभर तारांतली एक शाबूत असली तरी ओहममीटर खूश असतो. सुकलेल्या नदीतली पाण्याची धार पाहून पूल वाहून जाईल का हे कसं ठरवणार? पूरच यायला हवा. म्हणून स्टार्टर फिरत असताना व्होल्टेज किती पडतं, ते मोजायचं.

हे करताना मॅग्नेटोवर, म्हणजे बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगी तयार करणाऱ्या यंत्रावर, कधीच विश्वास ठेवू नये; इंजिन अचानक सुरू होऊ शकतं. मॅग्नेटो बंद होतो तो त्याची पी-लीड (चावीच्या स्विचकडे जाणारी तार) ग्राउंड झाल्यामुळे, आणि चावी स्टार्टवर असते तेव्हा एक मॅग्नेटो ठिणगी द्यायला मोकळाच असतो. फ्युएल सिलेक्टर बंद, मिक्श्चर पूर्ण मागे, चाकांना चॉक, ब्रेक लावलेले, प्रॉपेलरच्या फेऱ्यात कोणी नाही. मीटरच्या वायरी लांब करून कॉकपिटपर्यंत आणल्या आणि आकडा मी आत बसूनच वाचला.

एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धातूच्या कवचावर. क्रँक केल्यावर, म्हणजे स्टार्टरनं इंजिन फिरवल्यावर, अडीच व्होल्टच्या आसपास. दोन-तीन दशांशांच्या वर गेलं की मी शोधायला लागते, हे तर फारच होतं. पॉझिटिव्हची बाजू, म्हणजे बॅटरीपासून स्टार्टरच्या टर्मिनलपर्यंत, तशीच मोजली. तिथे नावापुरता फरक. मग निगेटिव्हची वाट तुकड्यातुकड्यानं मोजली: क्रँककेस ते लग (पट्टीच्या टोकाची बोल्टात बसणारी धातूची कडी), लग ते पट्टी, पट्टी ते पलीकडचा लग, लग ते फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधली धातूची भिंत). जवळजवळ सगळं व्होल्टेज इंजिनाकडचा लग आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावरची पट्टी, एवढ्यातच पडत होतं.

स्ट्रॅप काढून हातात घेतला. वरून छान दिसत होता. लगजवळ वाकवला तर क्रिंपच्या (लग तारांवर दाबून बसवलेल्या जागेच्या) तोंडाशी तारा तुटलेल्या, काळ्या पडलेल्या, मध्ये हिरवी भुकटी. इंजिनाच्या थरथरीनं तिथेच रोज वाकून वाकून तारा तुटत गेल्या होत्या, उरलेलं काम ओलाव्यानं केलं.

मग ज्या वाटांनी करंट गेला असणार त्या तपासल्या. मिक्श्चरच्या केबलचं आवरण एका क्लँपखाली वितळलं होतं आणि नॉब ओढताना त्या जागी खरखर लागत होती. केबल बदलली. थ्रॉटल आणि कार्ब हीटच्या केबल निर्दोष निघाल्या, प्रायमरची नळीही.

नवा स्ट्रॅप पार्ट नंबर पाहूनच घेतला. जोडाच्या दोन्ही जागांवरचा रंग आणि गंज काढून चकचकीत धातू उघडा केला, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळले आणि जोडाभोवतीचा उघडा भाग पुन्हा झाकला. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या, म्हणजे एफएएच्या, एसी ४३.१३-१बी या पुस्तिकेत बाँडिंगच्या (धातूचे भाग विजेच्या दृष्टीने जोडणाऱ्या) जोडाचा रेझिस्टन्स ०.००३ ओहमपेक्षा जास्त नसावा असं दिलंय. त्यासाठी मिलिओहम मीटर लागतो. तो मागवून जोड मोजले आणि मग पुन्हा क्रँक करून पाहिलं. अडीच व्होल्टच्या जागी जेमतेम एक दशांश.

ग्राउंड रनला इंजिन पहिल्याच चावीला सुरू झालं. लँडिंग लाइट, पिटो हीट, नॅव्हिगेशन लाइट, सगळं एकदम लावलं. टेंपरेचरचा काटा ढिम्म. बंद करण्याआधी आयडलवर चावी क्षणभर ऑफ करून दोन्ही मॅग्नेटो ग्राउंड होतात का तेही पाहिलं.

आमच्या बाकीच्या विमानांवर हीच मोजणी केली तेव्हा आणखी एकाचा फायरवॉलकडचा जोड रंगावरच बसवलेला निघाला. त्याचा स्नॅग अजून कोणी लिहिलेला नव्हता.