ग्रिलच्या कामापासून गच्चीवरच्या ट्रॉलीपर्यंत : आमची वाटचाल

वडिलांनी पुण्यातल्या धायरीत पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचं मशीन टाकलं. खिडक्यांची ग्रिलं, सोसायट्यांची गेटं, जिन्यांचे कठडे हेच आमचं काम. मीही बारावीनंतर तिथेच ग्राइंडर हातात घेतला. २०२० च्या टाळेबंदीत बांधकामं थांबली, तसं आमचं कामही थांबलं. शेडमध्ये पाइपचे तुकडे पडून होते आणि दोन कारागीर गावी न जाता आमच्याकडेच राहिले होते.

तेव्हा सिंहगड रोडवरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन आला. त्यांच्या घरची ग्रिलं वडिलांच्या हातची. म्हणाल्या, "अरे, गच्चीवर साठ कुंड्या झाल्यात. माती, शेणखत, झारी इकडून तिकडे नेऊन कंबर गेली माझी. चाकांचं काहीतरी करून दे ना."

आम्ही एक इंची चौकोनी पाइपची, तीन कप्प्यांची, सगळे जोड वेल्डिंगचे अशी दणकट ट्रॉली केली. लिफ्ट सहाव्या मजल्यापर्यंत, पुढे जिना. जिन्याच्या वळणात ट्रॉली अडकली. चौघांनी कठड्यावरून उचलून ती कशीबशी वर नेली, कुंड्या ठेवल्या, हात सोडला आणि ती आपली चालायलाच लागली. पाणी निघून जावं म्हणून गच्चीला ढाळ असतो, त्याचा विचारच आम्ही केला नव्हता. ट्रॉली कठड्याला धडकली, दोन कुंड्या फुटल्या. बाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. खाली बसून मोगऱ्याची मुळं ओल्या फडक्यात गुंडाळत राहिल्या. त्यांच्याकडून पैसे घेणं माझ्या जिवावर आलं. पुढे ती ट्रॉली आम्ही बदलून दिली.

तेव्हापासून आमची ट्रॉली सुटी जाते : दोन चौकटी, तीन ट्रे, हँडल आणि चार चाकं. जोडताना बहुतेकांची चूक एकच होते. पहिला बोल्ट हाती आला की तो गच्च आवळतात, मग शेवटच्या बोल्टचं भोक जुळत नाही. सगळे नट आधी हातानेच दोन-तीन आटे फिरवावेत. ट्रॉली सपाट फरशीवर उभी करून चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. सारखे भरले, की मग पाना घ्यावा आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. चाकांना आम्ही आत नायलॉनची कडी असलेलेच नट देतो. साधा नट हादऱ्याने सैल होतो.

चाकांवर मात्र मी तडजोड करत नाही. सुरुवातीची दोन इंची चाकं बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या पट्टीत अडकायची. आता चार इंची रबरी चाकं लावतो. दोन स्थिर, दोन फिरती. फिरत्यांना ब्रेक, आणि ती हँडलच्या बाजूला, म्हणजे ब्रेक पायाशी येतो. बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट वीस किलोच्या घरात जाते. ट्रॉली आणि माल मिळून १५० किलो धरले, तर हिशेब चाराने नाही, तीनाने करायचा. खडबडीत जमिनीवर एक चाक अधांतरी राहतं. म्हणजे प्रत्येक चाक ५० किलो पेलणारं हवं.

गंजाने आम्हाला पहिल्या पावसाळ्यातच शिकवलं. पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून पक्का केलेला पावडरचा रंग, बाहेरून लख्ख, पण पाइपमध्ये पाणी साचून पाय आतून सडत होते. आता कोटिंगला पाठवण्याआधी प्रत्येक पायाच्या तळाशी भोक पाडतो. साधी गोष्ट, पण आयुष्य वाढवणारी.

शेगडीसाठी ट्रॉली मागणारेही येतात. निखाऱ्यांच्या आचेला पावडर कोटिंग करपतं, म्हणून वरचा ट्रे स्टेनलेसचाच घ्या असा आमचा आग्रह असतो. तो नको असेल तर आम्ही ती ऑर्डर घेत नाही.

फोनवर रंग कोणता हवा याच्याआधी आम्ही विचारतो : दार किती रुंद, उंबरा आहे का, जिना चढायचा का, गच्ची उघडी की शेडची?

वडिलांना आता वेल्डिंग डोळ्यांना झेपत नाही. पण पॅक होण्याआधी प्रत्येक ट्रॉली ते एकदा पूर्ण जोडायला लावतात, तिच्यात वाळूची दोन पोती ठेवतात आणि शेडच्या उंबऱ्यावरून स्वतः ढकलत बाहेर नेतात. उंबऱ्याला अडली, तर ती परत माझ्या टेबलावर येते.