गंगा लपते कुठे

शनिवार, रात्र

पोटऱ्या भरून आल्यात. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगरावरच्या गंगाद्वारच्या सातशेच्या वर पायऱ्या, त्यातल्या शेवटच्या शंभर तर मनातल्या मनात शिव्या घालतच चढलो. भाची मात्र बकरीसारखी पुढे. पुण्यात भूशास्त्र शिकते. दोन दिवस आलीय आणि काल जेवताना म्हणाली, "मामा, उद्या ज्वालामुखी बघायला जाऊ."

मी म्हटलं, नाशकात कुठला आलाय ज्वालामुखी? तर म्हणे, तुम्ही सगळे त्याच्यावरच राहता. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा उतू गेला. चित्रातल्यासारखा टोकदार डोंगर वगैरे नाही, दूध उतू जाऊन ओट्यावर पसरावं तसा. एक थर, मग काही काळ शांतता, मग त्यावर दुसरा थर. आज उरलाय तोच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा पसारा. याला 'दख्खन ट्रॅप' म्हणतात, आणि 'ट्रॅप' हा मूळचा स्वीडिश शब्द, अर्थ पायऱ्या. हे तिने मला साधारण चारशेव्या पायरीवर सांगितलं. कौतुक वाटायच्या परिस्थितीत मी नव्हतो.

आईने निघताना बाटली हातात दिली होती. "गंगेला जाताय, रिकाम्या हाताने येऊ नका." आमच्याकडे गोदावरी कुणी म्हणत नाही. भाजी आणायला निघालेला माणूससुद्धा "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो.

गोष्ट मला पाठ होती, तरी रस्ताभर आईचीच आठवण काढत भाचीला सांगितली. दुष्काळात गौतम ऋषींच्या शेतात तेवढं भात पिकायचं. इतरांना ते बघवेना. त्यांनी एक मायावी गाय शेतात सोडली, गौतमांनी तिला हाकलायला दर्भाची काडी टाकली आणि गाय जागीच मेली. गोहत्येचं पातक धुवायला गंगाच हवी, म्हणून त्यांनी ब्रह्मगिरीवर तप केलं. गंगेला यायचं नव्हतं. शंकराने जटा आपटल्या, तेव्हा ती आली. पण आली ती थांबेना. माथ्यावर दिसली, गुप्त झाली. गंगाद्वारला दिसली, पुन्हा गुप्त झाली. शेवटी गौतमांनी कुश टाकून तिला वेढा घातला, ते खाली त्र्यंबकातलं कुशावर्त कुंड. काडीनेच गाय गेली आणि काडीनेच नदी अडली, हे मला लहानपणापासून विलक्षण वाटतं. गोष्ट रचणाऱ्याला घरातल्या साध्या वस्तूची किंमत ठाऊक होती.

भाची हे सगळं ऐकून घेत होती, आणि मला वाटलं आता मला अडाण्यात काढणार. तर ती म्हणाली, "बरोबरच आहे की." पाणी माथ्यावर पडतं, कातळाच्या भेगांतून आणि सच्छिद्र थरातून खाली उतरतं. वाटेत पाणी न झिरपू देणारा घट्ट थर लागला की आडवं चालतं आणि कड्याच्या पोटातून बाहेर येतं. पुढे मातीत, मुरमात शिरलं की परत दिसेनासं. दिसली, गुप्त झाली, दिसली. वहीत तिने आडवे थर काढले आणि शेजारी बाण. ते चित्र बघताना मला गौतम आणि ती एकाच डोंगराबद्दल बोलताहेत असं प्रथमच वाटलं. कुणीतरी वर्षानुवर्षं पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात या डोंगराभोवती फिरून पाणी कुठे दिसतं, कुठे नाही हे टिपून ठेवलं असणार. त्याशिवाय गोष्ट अशी नेमक्या जागी बसत नाही.

वर जटामंदिरातही गेलो. तिथे खडकावर जटा आपटल्याच्या खुणा दाखवतात. लाव्हा पातळ असला की त्याची साय सुरकुतते आणि पिळलेल्या दोरासारख्या वळ्या पडतात, असं तिने येताना सांगितलं होतं. म्हणून विचारलं, या त्याच का? तिने हात जोडले आणि कुजबुजली, "मामा, वर फुलं वाहिलीत, हात लावून कसं बघू?"

माथ्यावर धुकं होतं. नसतं तर पश्चिमेकडे बोट दाखवून सांगायचं होतं की अरबी समुद्र इथून सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटर, आणि ही बाई त्याच्याकडे पाठ करून १,४६५ किलोमीटर चालत आंध्रात जाऊन समुद्राला मिळते. याच डोंगरांतून निघणारी वैतरणा मात्र शहाण्यासारखी पश्चिमेला उतरते.

उतरताना माकडाने बिस्किटाचा पुडा नेला. बाटली वाचली.

रविवार

अंजनेरी. सकाळी मिसळ खाल्ल्यामुळे चढ जड गेला, चूक माझी.

मारुतीचा जन्म इथला की हंपीजवळच्या अंजनाद्रीचा की तिरुमलाचा, यावर २०२२ साली नाशकात सभा भरली होती आणि ती भांडणात संपली. मी त्यात पडत नाही. वरच्या सपाटीवर अंजनीमातेचं देऊळ आहे, आणि पावलाच्या आकाराचं तळं. बाळ मारुती सूर्याकडे झेपावला तेव्हा पाय रोवला तो इथे, म्हणतात. भाचीचं म्हणणं, वर घट्ट कातळाची टोपी राहिली म्हणून माथा टेबलासारखा आणि म्हणून पाणी साठतं. मी म्हटलं, पण मग पाऊलच का? ती हसली, उत्तर दिलं नाही.

तिला खरं तर कंदीलपुष्प बघायचं होतं. या डोंगराच्या नावाचंच एक आहे, 'सेरोपेजिया अंजनेरिका'. दिसलं नाही. गवतातून चालताना पाय कुठे पडतोय याची मात्र दोघांनाही धास्ती होती.

परतताना धोडपचा विषय निघाला. सातमाळ रांगेतल्या या गडाच्या माथ्यावर दगडाची एक लांब, उभी भिंत आहे आणि तिच्यात दात पडल्यासारखी खाच. मी इतकी वर्षं तिला नुसती 'धोडपची भिंत' म्हणत आलोय. ती म्हणे डाईक, म्हणजे भेगेत शिरून थिजलेला लाव्हा. आजूबाजूचा खडक झिजला, हा उभा राहिला. १७६८ साली माधवरावांनी राघोबादादांना हरवलं ते याच गडाखाली. दिवाळीत जायचं ठरलंय.

संध्याकाळी आईने बाटलीतलं पाणी देव्हाऱ्यात ठेवलं आणि भाचीला समोर बसवलं. वही उघडून सगळं समजावून घेतलं. थर, भेगा, बाण. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली.

मग म्हणाली, "हे झालं पाणी कसं लपतं ते. पण तिला यायचंच नव्हतं, ते कुठे काढलंयस यात?"

भाचीने पेन्सिल उचलली, आणि परत खाली ठेवली.