मिनिमम ड्यू भरून कार्डाचं कर्ज का फिटत नाही

पगार बावीस हजार आणि क्रेडिट कार्डावर 40,000 थकलेले असतील, तर बिलातला व्याजाचा आकडा आधी बघा. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज 1,400, त्यावर 18 टक्के जीएसटी 252. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर लिहिलेली किमान रक्कम, म्हणून 2,000 भरलेत, तर मुद्दलातून गेले जेमतेम 348! त्यात त्याच कार्डावर किराणा घेतलात तर बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून कार्ड कपाटात ठेवा आणि ॲपमधून त्याचे ऑनलाइन व्यवहार बंद करा.

पगार जमा झाला की त्याच दिवशी, घरभाड्याबरोबरच, 5,000 कार्डाला भरा. साधारण दहा महिन्यांत खातं निल होतं. महिनाअखेरीस उरेल ते भरू म्हटलं तर काहीच उरत नाही. भाजी-दुधाचे पैसे रोख काढून आठवड्याच्या पाकिटांत घाला. यूपीआयने गेलेले तीस-चाळीस रुपये लक्षातच येत नाहीत.

सोनेतारण कर्ज काढून कार्ड एकरकमी फेडणं बहुधा स्वस्त पडतं. पण ते थकलं तर दागिना लिलावात जातो, हे घरात आधी बोला. आणि सेटलमेंटच्या, म्हणजे थोडी रक्कम भरून खातं मिटवा म्हणणाऱ्या, फोनला कृपया भुलू नका: सिबिल अहवालातला (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीतला) ‘सेटल्ड’ शेरा कित्येक वर्षं राहतो, पुढे गृहकर्ज अडतं.