ओच्यात काय आहे?

परवा कपाटाची किल्ली हरवली. उशीखाली, देवघरात, कालच्या पर्समध्ये, सगळीकडे शोधून झालं. आणि मग, कबूल करते, नजर पोळ्यांच्या मावशींच्या पिशवीकडे गेली. तोंडाने काही बोलले नाही, पण नजर गेली हे खरं.

तेव्हा झीटा आठवली. इटलीतल्या लुक्का शहरातली, तेराव्या शतकातली मोलकरीण. बाराव्या वर्षी फातिनेल्लींच्या श्रीमंत घरी कामाला लागली, ती १२७२ साली मरेपर्यंत तिथेच राबली. ना मठ काढला, ना ग्रंथ लिहिला. तिचे चमत्कारही स्वयंपाकघरातलेच. एकदा चर्चमध्ये प्रार्थनेच्या नादात पाव भाजायचे राहिले. धावत घरी येऊन बघते तर पाव तयार, ओळीने मांडलेले. देवदूतांनी केले म्हणे. जनीच्या जात्याला हात लावणारा आपला विठोबा यांच्याच बिरादरीतला.

पण मी अडते ती दुसऱ्या कथेपाशी. भुकेल्यांसाठी झीटा ओच्यात पाव लपवून निघाली होती. मालकाने वाटेत गाठलं. ओच्यात काय आहे? तिने ओचा सोडला, तर आत फुलं! पावाची फुलं झाली याचं लोकांना नवल. मला तो प्रश्नच फार ओळखीचा वाटतो. शिवाय पाव तर मालकाच्याच घरचा, म्हणजे देवाने इथे सरळसरळ मोलकरणीची बाजू घेतली.

पुढे त्याच घराचा कारभार तिच्या हाती आला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ती 'सिथा' झाली. तिथल्या चित्रांत तिच्याजवळ किल्ल्यांचा जुडगा असतो. किल्ली हरवली की बायका तिचा धावा करायच्या. रोमने तिला रीतसर संतपद दिलं १६९६ साली. लुक्काकर इतके दिवस थोडेच थांबणार! चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन कवी दान्तेने आपल्या काव्यातल्या नरकात लुक्काच्या कारभाऱ्यांची ओळख 'संत झीटाचे' अशीच करून दिली आहे. आजही २७ एप्रिलच्या सुमारास सान फ्रेदिआनो चर्चमध्ये तिच्या देहाचं दर्शन घ्यायला लोक येतात आणि बाहेर फुलांचा बाजार भरतो.

किल्ली सापडली. कणकेच्या डब्यात. सकाळी पीठ चाळून भरताना माझ्याच हातून पडली असणार.

"ताई, ही बघा," म्हणत मावशींनी ती पदराला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली.