आमची वाटचाल: एक नंबर ते चार नंबर

टक्कल झाकायला चिकटवतात त्या केसांच्या तुकड्याला वडिलांनी शेवटपर्यंत ‘पॅच’ म्हटलं नाही. डोक्यावर घालायचा तो टोप, वेणीत घालायचं ते गंगावन आणि बाकीची सगळी थेरं, असा त्यांचा हिशेब. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत नाटकांचे टोप, दाढ्या, मिशा बनायच्या. भरत नाट्य मंदिरात प्रयोग असला की संध्याकाळी पिशवी घेऊन मी चालत जायचो. शाळांच्या गॅदरिंगच्या दिवसांत तर घरात शिवाजी महाराजांच्या डझनभर दाढ्या दोरीवर वाळत असायच्या.

मी १९९६ साली पुरुषांच्या पॅचकडे वळलो. हत्यारं वडिलांचीच होती. लाकडी डोकं, केस विंचरायची खिळ्यांची फळी आणि गाठी मारायची आकडी-सुई. ती सुई अजून माझ्याकडे आहे, मूठ तिसरी. तिच्या टोकाला किती केस एका वेळी उचलायचे हे ज्याला कळलं त्याला निम्मा धंदा कळला. पुढच्या रेषेला एकेक केस, मागे दोन-तीन. आजकालची पोरं सगळीकडे चार-चार केस ओढतात आणि मग कपाळावर काळे ठिपके दिसतात म्हणून रडतात. असो.

ठिपक्यांवरून आठवलं. लेसवरच्या, म्हणजे केस ज्या बारीक जाळीत ओवतात तिच्यावरच्या, गाठी उजळायच्या असतील तर ब्लीच पावडर आणि वीस व्हॉल्यूमचा डेव्हलपर (म्हणजे पेरॉक्साइड, व्हॉल्यूम ही त्याची ताकद) कालवून चक्क्यासारखी घट्ट पेस्ट करायची आणि लेसच्या आतल्या अंगाने हलक्या हाताने लावायची. पातळ झाली की जाळीतून झिरपते आणि मुळापाशी केस भगवा होतो. जाळीऐवजी पॉलीचा, म्हणजे पातळ प्लास्टिकचा, बेस असेल तर हा उद्योग करू नये. कुणी विचारलं नव्हतं, पण सांगून ठेवतो.

तर रंग. आपल्याकडे पॅचची पहिली चुगली रंगच करतो. एक नंबर म्हणजे काळाकुट्ट, वन-बी म्हणजे जरा निवलेला काळा, मग दोन, तीन, आणि चार म्हणजे उजेडात कळेल असा ब्राऊन. गिऱ्हाईक येतं पंचेचाळिशीचं, कानावरचे केस उन्हाने आणि मेंदीने तांबूस झालेले, आणि मागतं एक नंबर, कारण कॉलेजात असताना केस तसे होते म्हणे. महिन्याने परत येतं, ‘जरा लाइट करून द्या.’

या ‘जरा’नेच आमचं दुकान जवळजवळ बुडवलं.

२००१ साली मी एक भागीदार घेतला. हा सलूनवाला, हात चांगला, जीभ त्याहून चांगली. कात्री त्याच्याकडे, बेस आणि गाठी माझ्याकडे. खरं सांगायचं तर सुरुवातीची काही वर्षं गल्ल्यात पैसा त्याच्यामुळेच आला. ते मी नाकारत नाही. करार मात्र आम्ही चहावर केला होता. भागीदारी करणाऱ्यांनो, स्टँपपेपर घ्या. चहा नंतर प्या.

आमच्याकडे एक रंगवही होती. जाड पुठ्ठ्याची, पान पानाला केसांची एक बट दोऱ्याने शिवलेली, शेजारी कृती: कुठला केस, कुठला डेव्हलपर, किती मिनिटं, वर कुठला टोन. शेरे मी मोडीत लिहायचो. मोडी वडिलांनी शिकवली, त्यांचा जमाखर्च तीतच असे. पूर्ण शब्द नाही, नुसतं पहिलं अक्षर. दहा वर्षांत वहीत साठएक पानं झाली होती.

२००८ची दिवाळी संपली, तुळशीचं लग्न लागलं आणि मुहूर्त सुरू झाले. मी केस आणायला चेन्नईला गेलो होतो. मागे भागीदाराने सात नवरदेवांना शब्द दिला, दोन दिवसांत काळ्याचा ब्राऊन करून देतो. सातही पॅच तयार मालाचे, एक नंबर. त्याने चाळीस व्हॉल्यूम घेतला, फॉइलमध्ये गुंडाळलं आणि वरून ड्रायर लावला. डोक्यावरच्या केसांना तो असंच करायचा म्हणे.

डोक्यावरचा केस आणि पॅचमधला केस यांत फरक काय, हे त्याला सात वर्षांत कळलं नाही. तिरुपतीचा कापलेला केस एका दिशेचा असतो, मूळ वर, टोक खाली. तो रेमी, आणि महाग. स्वस्त मालात गुंतवळ असते. दारोदार गोळा केलेली, मुळं-टोकं उलटसुलट. ती गुंतू नये म्हणून कारखान्यात आम्लात बुडवून केसाची खवल्यांची साल काढून टाकतात, मग रंगवतात, मग वर सिलिकॉनचा मुलामा देतात. दुकानात हात लावला की रेशीम वाटतं. तो मुलामा चार धुण्यांत जातो आणि खाली उरतो सोललेला केस. त्याला ब्लीच लावलं की साल नसल्यामुळे ते थेट आत शिरतं. डोक्यावर चाळीस मिनिटांत होणारं काम इथे दहा मिनिटांत होतं, आणि पंधराव्या मिनिटाला केसाचा चोथा. शिवाय आतला काळा हा केसाचा स्वतःचा नसून डायचा. नवा रंग जुना रंग उचलत नाही, तो ओरबाडून काढावा लागतो आणि खालून निघतं नारिंगी. डोक्यावरचा केस जळला तर खालून नवा येतो. पॅचचा जळला तो जळला.

मी स्टेशनवरून थेट दुकानात आलो. टेबलावर सात डोकी, सातही गाजराच्या रंगाची. एकाला कंगवा लावला तर केस कंगव्यातच आले. दोन बेसच्या कडा चुरचुरीत झाल्या होत्या. भागीदार म्हणाला, ‘तुझा मालच खराब.’

हे वाक्य तो पुण्यात अजून सांगतो, म्हणून हे सगळं लिहितोय.

सातही जणांचे पैसे परत केले. दोघांना दुसऱ्याकडून उधारीत चार नंबरचे पॅच आणून दिले. बायकोच्या पाटल्या गहाण गेल्या. पंधरा दिवसांत भागीदार गेला, जाताना दोन कारागीर आणि रंगवही घेऊन गेला, आणि चार मिनिटांच्या अंतरावर दुकान टाकलं. पाटीवर लिहिलं, ‘मूळ दुकान’. तेव्हा आम्हालाही ‘आमची कुठेही शाखा नाही’ लिहावं लागलं. लोकांना ती पुणेरी गंमत वाटली. आमच्यासाठी ती तक्रार होती.

त्या दिवसांत एकच गिऱ्हाईक टिकलं. पोस्टातले एक काका. त्यांचाही पॅच त्याच आठवड्यात लाइट केलेला. तो वीस व्हॉल्यूमवर, म्हणून केस वाचले होते, रंग मात्र झेंडूचा. मी हात जोडून म्हटलं, काका, नवा होईपर्यंत टोपी घाला. तर हा माणूस दोन महिने तसाच काउंटरवर बसला. कुणी विचारलं की म्हणायचे, ‘मेंदी जरा जास्त राहिली.’ वर पुढच्या दोन पॅचचे पैसे आगाऊ ठेवून गेले. पावती घेतली नाही.

त्यांच्याच डोक्यावर मी नवी वही सुरू केली. त्यांच्या जुन्या पॅचच्या मागच्या कडेचे दहा-बारा केस कापायचे, बट बांधायची, तिच्यावर आधी प्रयोग. आजही तोच नियम आहे. बट तुटली, रबरासारखी ताणली, तर पॅचला हात लावायचा नाही, गिऱ्हाईक कितीही गयावया करो. डायचा काळा असेल तर आधी कलर रिमूव्हर, ब्लीच नंतर आणि लागलंच तर. वीस व्हॉल्यूमच्या वर जायचं नाही. वीस म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, चाळीस म्हणजे १२, ही दुप्पट आहे हे पोरांच्या डोक्यात बसत नाही. बेसपासून अर्धा इंच सोडून लावायचं, दर पाच मिनिटांनी पुसून बघायचं. फॉइल नाही, ड्रायर नाही, धातूचं भांडं नाही. धुताना पाणी बेसकडून टोकाकडे जायला हवं, म्हणजे उरलंसुरलं ब्लीच गाठींत बसत नाही. नारिंगी दिसला तर निळा टोन, पिवळा दिसला तर जांभळा. आणि खिडकी उघडी. त्या पावडरीतल्या पर्सल्फेटने कारागिराला दमा लागतो, माझ्या हाताखालच्या एका पोराला लागला. पॅच डोक्यावर चिकटलेला असताना ब्लीच करणाऱ्याला तर मी दुकानाची पायरी चढू देत नाही.

एवढं करून एखाद-दुसरा नंबर वर सरकतो. एकाचा चार करून मागितला तर मी सरळ नवा पॅच सांगतो. फिका आणून गडद करणं हे दुपारचं काम आहे. उलटं नाही. आणि पॅचमध्ये पांढरा धागा बहुतेक सिंथेटिक असतो, त्याच्यावर पेरॉक्साइडही चालत नाही आणि डायही धरत नाही. रंग धाग्यातच असतो. वडील पांढऱ्या दाढ्यांना याकचा केस वापरायचे. अजून थोडा शिल्लक आहे, विकायचा नाही.

पाटल्या २०११ साली सुटल्या. पुढची वर्षं धंदा चालला. सांगण्यासारखं काही नाही. पोस्टातले काका निवृत्त झाल्यावर एकदा म्हणाले, आता कशाला पॅच, आणि पुढच्याच आठवड्यात वन-बी, तीस टक्के पांढरा, अशी ऑर्डर देऊन गेले.

गेल्या वर्षी दुपारी एक फोन आला. भागीदाराचा मुलगा. दुकान आता तोच बघतो. फार अदबीने बोलला. ‘काका, तुमच्या जुन्या वहीत सत्ताविसाव्या पानावर खाली एक मोडी अक्षर आहे. बाबांनाही कळत नाही. तेवढं सांगाल का?’ फोटो पाठवला. पान ओळखीचं, बट अजून शाबूत, चेन्नईचा केस, दोन नंबरचा चार करण्याची कृती.

मी म्हटलं, तो ‘फ’ आहे.

‘फ म्हणजे?’

‘फसला.’

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘आम्ही तीच वापरतो.’